झोपेतून उठल्यावर मनगट लुळं पडलंय, दंडात नस दबलीये म्हणतात, ऑपरेशन लागेल का?

धाकट्याची_ताई: भाऊ ३४ वर्षांचा, लग्नाहून रात्रीच्या बसने आला, शेजारच्या सीटच्या पाठीवर दंड टाकून झोपला (थोडी घेतलेली पण होती, लपवत नाही). सकाळी उजवं मनगट खाली लटकलेलं, बोटं सरळ होईनात, अंगठ्यामागची कातडी बधिर. आई तर लकवा म्हणून रडायलाच लागली, पण तोंड, बोलणं, पाय सगळं नीट, डॉक्टरांनीही लकवा नाही सांगितलं. आता एक म्हणतो मानेचा एमआरआय काढा, दुसरा म्हणतो लगेच ऑपरेशन करून नस मोकळी करा, काका मालिशवाल्याकडे न्या म्हणतात. काय करू?

फिजिओ_सांगली: ताई, कोपर जोर लावून सरळ करता येतंय का त्याला? येत असेल तर मानेपेक्षा दंडातल्या रेडियल नर्व्हचाच (मनगट आणि बोटं वर उचलायला लावणारी नस) संशय जास्त, ती दंडाच्या हाडाला चिकटून मागून वळसा घेते आणि नेमकी तिथेच सीटच्या पाठीवर चेपते. दारूत झोप इतकी गाढ लागते की हाताला मुंग्या आल्या तरी माणूस कूस बदलत नाही. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत ते २-३ महिन्यांत भरून येतं. तोवर कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर धरून ठेवणारा पट्टा) घाला, मनगट वर धरलं की मूठही घट्ट वळते, करून बघा. दुसऱ्या हाताने बोटं, मनगट रोज पूर्ण सरळ करायचं, नाहीतर नस सुधारली तरी सांधे आखडलेले राहतात. आणि मालिशवाला नको हो, चेपलेल्या नसेला अजून कशाला चेपायचं.

धाकट्याची_ताई: कोपर सरळ होतंय, जोर पण आहे! एनसीव्ही (नसेतून करंट कसा जातो ती तपासणी) उद्याच करू का?

फिजिओ_सांगली: पहिल्या आठवड्यात रिपोर्ट फसवा येऊ शकतो, ३ आठवड्यांनी एनसीव्ही आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून करतात ती तपासणी) केलं की नुसती दबलीये की आतले तंतू तुटलेत ते कळतं.

प्लेटवाला: माझं दंडाचं हाड मोडलं तेव्हा हेच झालेलं. तंतू तुटले तर नस दिवसाला साधारण १ मिमी वाढते, म्हणजे १० सेमीला शंभरेक दिवस, म्हणून सर्जन ३-४ महिने थांबतात आणि हालचाल अजिबातच नसेल तर उघडून बघतात, गरज पडली तर ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची नस आणून मध्ये जोडतात. तेही नाही जमलं तर टेंडन ट्रान्सफर, हाताचा चालू स्नायू मनगट उचलायच्या कामाला जोडतात, माझं तेच केलं, आज चहाचा कप धरतो. पण तुमच्या भावाचं हाड शाबूत आहे, इतक्यात सर्जरीच्या मागे नका लागू.

निवांत_नाना: शुगर आणि बी१२ तपासा. कमी नसताना बी१२ ची इंजेक्शनं ठोकून नस लवकर भरत नाही, बिल तेवढं भरावं लागतं. घरात अजून कुणाला असं वारंवार होत असेल तर तेही न्यूरोलॉजिस्टना सांगा.

धाकट्याची_ताई: स्प्लिंट आणलं. तो विचारतोय बाईक चालवू का?

फिजिओ_सांगली: पुढचा ब्रेक कुठल्या हाताने दाबणार? विचारा त्याला.