धुतलेल्या नॅपीला शू होताच वास येतो तेव्हा

कोरडी असताना नॅपीला वास नाही, पण बाळाने शू केली की लगेच उग्र दर्प, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कापडात जुनी लघवी आणि साबण साचलाय. तिथले जिवाणू युरियापासून अमोनिया करतात. कुणी कपड्यांचा कंडिशनर सुचवलाय, तो कृपया नको! त्याचा थर बसला की कापड नीट शोषत नाही.

आमच्याकडे बोअरचं जड पाणी, साबण कितीही घातला तरी पुरतच नाही. म्हणून आतले पॅड मी धुण्याचा सोडा घालून 60 अंशांवर धुते, मग फेस जाईपर्यंत खळबळते. रात्रीची नॅपी सकाळी लगेच साध्या पाण्यातून काढायची, झाकणाच्या बादलीत कोंडायची नाही. पॅड कडक उन्हात, इलॅस्टिकचं कव्हर सावलीत. बाळाला पुरळ असेल तर वास जाईपर्यंत या नॅपी बाजूलाच ठेवा.