मॉरोविंडमध्ये होतं काय, नुसतं धुकं?

ओडाईकाठ:
कालच्या 'आवडते गेम' धाग्यावर एकाने पिंक टाकली: "२०११च्या आधी फँटसी गेममध्ये निसर्ग नव्हताच, नुसतं धुकं. जग सुरू झालं ते स्कायरिमपासून." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

२००२चा मॉरोविंड, स्कायरिमच्याच मालिकेतला आधीचा गेम. त्यातल्या बालमोरा गावातला हास्फाट सांगतो, आर्कंगथांडच्या अवशेषांतून एक ठोकळा आणून दे. नकाशावर खूण नाही. नुसता पत्ता: मूनमथ किल्ला, मग फोयाडा मामेआ नावाच्या घळीवरचा जुना पूल. पूल ओलांडला तर दार बंद. अर्धा तास डोकं आपटलं, मग दिसलं की बाजूच्या पाइपावर एक दांडा आहे. तो फिरवला की दगड सरकतो. तो पूल मला आज डोळे मिटून सापडेल. स्कायरिममध्ये दोनशे तास घातले आणि धड एका गुहेचं नाव सांगता येत नाही. कारण डोंगराकडे बघितलंच नाही, स्क्रीनवरच्या कंपासमधल्या खुणेकडे बघत चाललो.

टेसेलेशन:
पिंक माझीच. धुकं काढायचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेला बदल, टाकून बघा एकदा. गेम सुरू होतो त्या सेयडा नीन गावाच्या किनाऱ्यावरून थेट विवेक शहर दिसतं. तुमचं ते अफाट बेट तळहाताएवढं निघतं. लांबचं दाखवायची तेव्हाच्या मशीनची ताकद नव्हती म्हणून धुकं, आणि तुम्ही त्याला कलेचा टिळा लावताय. पत्त्यांचं तर बोलूच नका. काही चक्क चुकीचे होते.

ओडाईकाठ:
होते. गावात पत्ता विचारल्यावर तुम्हाला दरवेळी बरोबर मिळतो वाटतं? आणि विवेक धुक्यात हरवतो तो फक्त गेममध्येच असं नाही, इथेही दिसतंय.

रानवाटकर:
गेम मुलगा खेळतो, मी नाही. पण खुणेवरून राहवलं नाही. सह्याद्रीत आता दर दहा पावलांवर दगडावर ऑइलपेंटचा बाण. पूर्वी वाडीतला मामा सांगायचा, "आंब्याची राई सोडली की डाव्या अंगाची सोंड धर." आता पोरं मान खाली घालून बाण हुडकत चढतात आणि माथ्यावर पोचल्यावर विचारतात, समोरचा किल्ला कुठला? काही महाभाग टाक्याच्या भिंतीवरही बाण काढतात, शेजारी स्वतःचं नाव आणि बदाम.

पाणवठा:
काका, बाणांना नावं ठेवू नका. राजमाचीहून कोंढाणे लेण्यांकडे उतरताना आमचा नऊ जणांचा गट धुक्यात चुकला. रेंज नाही, चार तास एकाच ओढ्याभोवती. शेवटी एक पुसट बाण दिसला तेव्हा माझी मैत्रीण अक्षरशः रडली.

रानवाटकर:
पावसाळ्यात वाटाड्या न घेता उतरायला सांगितलं कोणी?

पाणवठा:
घेतला होता. तोच चुकला.

टेसेलेशन:
हा बघा मॉरोविंडचा पत्ता!

रानवाटकर:
तो वाडीतला नसणारच. हल्ली कोणीही उठतो, शिट्टी गळ्यात अडकवतो आणि पैसे घेतो. आमच्या काळी...

पाणवठा:
तुमच्या काळी लोक चुकतच नव्हते, की चुकलेले सांगायला परत येत नव्हते?

ओडाईकाठ:
धागा गेमचा आहे हो.

हायरूलचा हमाल:
मग गेमचं बोलू. तुम्ही दोघं २०११मध्येच अडकलात. ब्रेथ ऑफ द वाइल्ड गेमवाल्यांनी २०१७च्या सेडेक या जपानमधल्या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत सगळं उलगडून सांगितलंय. टेकड्या मुद्दाम त्रिकोणी ठेवल्या. त्रिकोण मागचं झाकतो; चढायचं की वळसा घालायचा ते आपण ठरवायचं, आणि पुढे सरकलं की कडेने काहीतरी डोकावतं. अंतरांचा अंदाज यावा म्हणून क्योटोचा नकाशा ठेवून पाहिला. म्हणजे धुक्याचं काम टेकडीने केलं. फक्त त्यातल्या पावसाचं नाव काढू नका. कड्यावर अर्ध्यात पोचलो की हटकून सर येते, हात सटकतो, मग कपारीत बसून राहा.

ओडाईकाठ:
त्रिकोण पटला. हे विचर ३ गेमवाल्यांना कोणी सांगायला हवं होतं. त्यातल्या वेलेन प्रांतात झाडं वाऱ्यावर काय डोलतात! आणि स्केलिगे बेटांवर गेलं की नकाशावर समुद्रभर प्रश्नचिन्हं. होडीतून पिंपं गोळा करत फिरलोय मी, भंगारवाल्यासारखा.

टेसेलेशन:
बरं, एक कबूल करतो, लगेच नाचू नका. एल्डन रिंग, २०२२. जंगलातल्या एका विहिरीत लिफ्टने उतरलो. लिफ्ट उतरतेय, उतरतेय, वाटलं गेम अडकला. आणि जमिनीखाली वर चांदण्या. कोपऱ्यात छोटा नकाशा नाही, कोणी पाठवलेलं नाही. कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. स्कायरिममध्ये असं झालं नव्हतं. तिथली जमिनीखालची गुहा, ब्लॅकरीच, सोडून.

ओडाईकाठ:
ती जमिनीखालची सिओफ्रा नदी! खूण नव्हती म्हणूनच सापडली ना? आता मॉरोविंड टाका.

टेसेलेशन:
टाकतो. धुकं काढून.

रानवाटकर:
तो वाटाड्या कुठल्या वाडीचा होता तेवढं सांगा.