मेडिकलवाल्याने "ही गोळी लागते का" असं विचारावं की नाही?

अमळनेरकर: परवा आमच्या नानांची औषधांची पिशवी ओतली तर जळगावच्या फिजिशियनने दिलेली अ‍ॅसिडिटीची गोळी पॅन्टोप्राझोल, इथल्या हाडांच्या डॉक्टरने दिलेली पण पॅन्टोप्राझोल, कंपनी वेगळी म्हणून पाकिटाचा रंग वेगळा आणि नाना रोज उपाशीपोटी दोन्ही घेताय. दोन्ही पाकिटं एकाच मेडिकलची. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र दिसतात त्या फक्त त्याच्याच काउंटरवर, मग त्याने बोलायला नको का?

पारोळ्याचा डॉक्टर: भाऊ, डबल गोळी पकडली तर चांगलंच. पण काउंटरवरून "ही नका घेऊ" म्हटलं की लोक लगेच ऐकतात, पैसे वाचतात ना. वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची-चिंतेची गोळी क्लोनाझेपाम एकदम सोडली तर फिट येऊ शकते. हार्टवाल्याला रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून पॅन्टोप्राझोल मुद्दाम दिलेली असते, ती फालतू नसते.

चोपड्याची फार्मासिस्ट: डॉक्टरसाहेब, बंद करा असं आम्ही म्हणतच नाही, चिठ्ठीतला ब्रँडसुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही असा नियम आहे. पण पेशंटला समजावून सांगणं हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सने आमचं कामच ठरवलंय. बीपीच्या अ‍ॅमलोडिपिनने पाय सुजतात, त्या सुजेवर दुसऱ्याकडून लघवीची गोळी येते, मग चक्कर, मग चक्करची गोळी. हे आम्हाला रोज दिसतं. कॅनडाच्या क्यूबेकमध्ये फार्मासिस्टनी म्हाताऱ्या पेशंटांना माहितीपत्रक दिलं, डॉक्टरला लेखी कळवलं, आणि सहा महिन्यांत 43 टक्के लोकांची नको असलेली गोळी सुटली, एरवीच्या पद्धतीत फक्त 12 टक्के. 2018 चा अभ्यास आहे.

भुसावळवाला: ताई, कॅनडा राहू द्या. इथे कितीतरी दुकानात भाड्याने घेतलेलं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीला आणि काउंटरवर बारावी पास पोरगा. आणि दुकान चालतं विक्रीवर, गोळी कमी करून स्वतःचा गल्ला कोण कमी करेल?

चोपड्याची फार्मासिस्ट: म्हणून तर सल्ल्याची वेगळी फी हवी, आणि भाड्याच्या सर्टिफिकेटवाल्यांवर कारवाई पण. शिकलेल्या माणसाला गप्प बसवून ते प्रश्न सुटणार नाहीत.

पारोळ्याचा डॉक्टर: चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवा, मी वाचेन. पेशंटसमोर मात्र नको, त्याचा विश्वास उडतो.

अमळनेरकर: साहेब, समोर का नको? गोळ्या नाना गिळताय. त्यांना कळलंच नाही तर पुढच्या डॉक्टरला ते काय सांगतील?