मदत हवी आहे: राखीव जमिनीची कायमची देखभाल कशी बसवावी?

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या निसर्गसंस्थेला एक पाणथळ जमीन दानात मिळते आहे. अट एकच, ती कायम राखायची. घेण्याचा खर्च एकदाच येतो, राखण्याचा दरवर्षी, आणि मला काळजी आहे ती या दुसऱ्याची.

इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेने विकन फेन या दलदलीचा पहिला तुकडा १८९९ मध्ये घेतला. तिथे आजही लव्हाळा कापावा लागतो, नाहीतर झुडपं माजतात. नुसतं कुंपण घालून जमीन सोडून देणं म्हणजे संरक्षण नव्हेच, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीच्या स्थितीची नोंद चालू आहे: हद्दीचे खांब, पाण्याची पातळी, ठरलेल्या जागांवरून फोटो (पुढच्या माणसांना तिथेच उभं राहून ताडून बघता यावं म्हणून).

अडलंय ते पुढे. देखभालीचा कायम निधी किती असावा, हे कसं ठरवता? नुसत्या व्याजावर चालवायचं तर महागाईचं काय? शेजारचा मालक बदलला आणि त्याचं कुंपण आत सरकलं, तर कोर्टखर्चाची वेगळी तरतूद ठेवता का? आणि उद्या संस्थाच बंद पडली तर जमीन कोणाकडे जावी, हे दानपत्रात कसं लिहिलंत? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, मसुदा अजून बदलता येतो.