डीएमए मास्क: ‘६४ नाही तर ३२’ ही शाखा आता उडवावी का?

बिट_बहाद्दर: लिनक्सच्या कितीतरी स्टोरेज ड्रायव्हरांच्या प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर आधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एकच पोथी असते. आधी ६४ बिटांचा डीएमए (कार्डाने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वाचणं-लिहिणं) मास्क मागा, नकार आला तर ३२, तोही नाकारला तर एरर देऊन बाहेर. माझं म्हणणं, मधला टप्पा, म्हणजे ३२ ची फॉलबॅक शाखा, उडवा. मास्क म्हणजे आपलं कार्ड किती बिटांचा पत्ता पेलू शकतं याची कर्नलला दिलेली माहिती. रॅम किती बसवलीय याच्याशी त्याचा संबंध नाही. आजचा कर्नल नकार देतो तो मास्क अपुरा पडला तरच. मग ६४ ला ‘नाही’ आणि ३२ ला ‘हो’ येईलच कसं? ही शाखा कधी चालत नाही, म्हणून कधी तपासलीही जात नाही.

जुना_जंपर: असहमत. चार ओळींनी कुणाचं घोडं मारलंय? आमचा ड्रायव्हर अजून ग्राहकांच्या जुन्या कर्नलवर बिल्ड करावा लागतो. उलट मी म्हणेन, शंका असेल तर थेट ३२ च ठेवा. ३२ बिटांत मावणारे, म्हणजे ४ जीबीच्या आतले पत्ते जवळपास सगळ्यांनाच कळतात.

रिंगबफर: ‘शंका असेल तर ३२’ फुकट मिळत नाही हो! आयओएमएमयू (कार्डाने वापरलेले पत्ते खऱ्या मेमरी पत्त्यांत बदलणारं हार्डवेअर) नसेल आणि बफर ४ जीबीच्या वर असेल, तर कर्नल डेटा आधी खाली एसडब्ल्यूआयओटीएलबी या राखीव मधल्या बफरमध्ये कॉपी करतो. तो साठा मुळात ६४ एमबीचा. लोड वाढला की तो भरतो आणि आयओ अडकतं. मी हे एका कार्डावर भोगलंय. दोन दिवस डिस्कला शिव्या घातल्या, चूक माझ्याच मास्कमध्ये निघाली.

जुना_जंपर: मान्य, पण चिप खोटं बोलली तर? एटीआयचा एसबी६०० हा साटा डिस्क सांभाळणारा चिपसेट आठवा. एएचसीआयच्या (साटा कंट्रोलरांच्या मानक इंटरफेसच्या) क्षमता रजिस्टरात ६४ बिटांचा होकार, आणि ड्रायव्हरला मात्र त्याला ३२ वर बांधावं लागलं. काही मदरबोर्डांना नंतर या बंधनातून सूट मिळाली.

बिट_बहाद्दर: अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. तिथे ६४ चा मास्क विनातक्रार मंजूर होतो, म्हणजे तुमची फॉलबॅक शाखा शिवलीही जात नाही. कर्नल चिपला विचारायला जात नाही, तुमच्या शब्दावर विसंबतो. एएसमीडियाचा एएसएम१०६१ हा साटा कंट्रोलर बघा: सांगतो ६४, पेलतो ४३. वरचे २१ बिट गळतात आणि आयओएमएमयू पेज फॉल्ट देतो. २०२४ मध्ये त्याच्यासाठी ४३ बिटांचा वेगळा क्वर्क (एका चिपच्या दोषापुरता कर्नलमधला अपवाद) घातला गेला. ३२ नव्हे, ४३!

जुना_जंपर: बरं, शाखा काढतो, जुन्या कर्नलची प्रत वगळून. पण डेटाशीटमध्ये नुसतं ‘६४ बिट’ लिहिलेलं असतं. खरे किती, हे कळायचं कसं?

रिंगबफर: आयओएमएमयू चालू ठेवा आणि कर्नलच्या बूट ओळीत ‘आयओएमएमयू.फोर्सडॅक=१’ (iommu.forcedac=1) द्या. एरवी पीसीआय डिव्हाइसला आधी ४ जीबीखालचेच पत्ते मिळतात, त्यामुळे दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो. या पर्यायाने वाटप वरच्या टोकापासून सुरू होतं. मग डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलच्या नोंदींत) फॉल्टचा पत्ता वाचा आणि कुठला बिट गळला ते मोजा. फक्त कामाच्या डिस्कवर करू नका.