लिरिकल रॅपर खपत नाहीत, हे मोजून कसं ठरवायचं?

कॅसेटची_रीळ

वाद जुनाच आहे. जो खपतो तो लिहीत नाही आणि जो लिहितो तो खपत नाही, असं एका गटाचं ठाम मत. पुरावा म्हणून दोन गोष्टी दर वेळी तोंडावर फेकल्या जातात. एक, मॅट डॅनियल्सचा २०१४ चा रॅपरांच्या शब्दसंग्रहाचा तक्ता, ज्यात एसॉप रॉक सगळ्यात वर आणि डीएमएक्स सगळ्यात खाली आहे. दुसरी, कोणाच्या नावावर किती प्लॅटिनम, म्हणजे खपाच्या आकड्यावर मिळणाऱ्या पाट्या.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लिरिकल म्हणजे नेमकं काय मोजायचं, आणि ते घरबसल्या कागद-पेन घेऊन मोजता येतं का? प्लॅटिनमचा आकडा १९९४ चा आणि २०२४ चा एकाच तराजूत टाकता येतो का? आणि खपासाठी लिहिणं खरंच पातळ होतं का, की ते आपल्याला तसं वाटतं?

'ऐकलं की कळतं' अशी उत्तरं नकोत, ती ग्रुपवर भरपूर मिळतात.

---

सोळा_बार

आधी तो तक्ता बाजूला ठेव. प्रत्येक रॅपरचे सुरुवातीचे ३५,००० शब्द घेऊन त्यात वेगवेगळे शब्द किती, एवढंच त्यात मोजलंय. एसॉप रॉक ७,३९२, डीएमएक्स ३,२१४. एकाच शब्दाचं अनेकवचन, बोलीतलं तोडलेलं रूप, सगळं वेगळं धरलंय. गंमत म्हणून ठीक आहे, पण ते कौशल्याचं माप नव्हे. डीएमएक्सचे १९९८ या एकाच वर्षात दोन अल्बम आले आणि दोन्ही बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या चार्टवर पहिल्या नंबरला उतरले. त्याचे पहिले पाचही तसेच उतरले. त्याची कारागिरी शब्दकोशात शोधून सापडणारच नाही, ती श्वासात आहे. ओळ कुठे तोडायची, कुठे गुरगुरायचं, तोच शब्द तिसऱ्यांदा आला की आवाज कुठे न्यायचा.

आता मोजायचं कसं. गाणं लाव, बीपीएम (मिनिटाला ठोके किती) काढ. ९० बीपीएम धरलं तर चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा, आणि सोळा बारचं कडवं साधारण ४३ सेकंदांचं. प्रत्येक बारचे सोळा खण पाड, चौकटीच्या वहीवर सोपं जातं. खण १, ५, ९, १३ म्हणजे ठोके. आता ऐकत ऐकत सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, खणांत भर. इंटरनेटवरचे छापील लिरिक्स बघून भरू नकोस. तिथे ओळ जिथे तोडलेली असते तिथे बार संपतोच असं नाही, आणि निम्म्या चुका तिथेच होतात. ओळ बहुतेक वेळा बारच्या थोडी आधी सुरू होते, ते दोन-तीन खण मागच्या बारमध्येच लिहायचे.

मग रंगीत पेन. सारख्या स्वरांना सारखा रंग. व्यंजनं जुळलीच पाहिजेत असा हट्ट नको, रॅपचं यमक स्वरावर चालतं. आपल्या भाषेत बघ, मुद्दाम दोन ओळी बनवून दाखवतो:

भर दुपारी दारी पाणी? चारी नळांत हवा
टँकरवाला भारी गाणी लावून मागतो भाव नवा

पहिलीत १४ सिलॅबल, दुसरीत १५ ('नळांत' दोन, 'लावून' दोन, 'मागतो' दोन, लिहिण्यात दिसतात तितकी तोंडात येत नाहीत). 'दारी पाणी' आणि 'भारी गाणी' हे चार सिलॅबलचं यमक, आ-ई-आ-ई. मधे 'पारी', 'चारी' हे आतले. शेवटी 'हवा-नवा'. रंगवलं तर २९ पैकी १६ सिलॅबल यमकात. आता हेच असं लिही: 'नळाला पाणी कुठे आलं, टँकरवाल्याचं भलं झालं.' १८ पैकी चार, 'भलं' धरलं तर सहा. अर्थ तोच आहे, पण वीण सैल पडली. लोक ज्याला घनता म्हणतात ती ही.

घनता हे अर्धंच माप आहे, हे मात्र विसरू नको. उरलेल्या अर्ध्यात दोन गोष्टी येतात. यमक ठोक्यावर पडतंय की ठोक्याला हुलकावणी देतंय, आणि यमकासाठी अर्थाची ओढाताण झाली आहे का. १९८७ च्या 'पेड इन फुल'मध्ये रकिमने आतल्या यमकांची जी चाल पाडली, तिचं मोल नुसत्या संख्येत नाही. त्याचं वाक्य बारच्या टोकाला संपत नाही, पुढच्या बारमध्ये वाहत जातं, आणि यमक वाटेत भेटतं.

---

फुकटचा_सल्लागार

+१. वेगाबद्दल पण लिहा कोणीतरी. एमिनेमचं 'रॅप गॉड' दाखवून वाद जिंकणारे फार झालेत.

---

सोळा_बार

त्यात १,५६० शब्द आहेत, गाणं ६ मिनिटं ४ सेकंदांचं, म्हणजे सेकंदाला चारच्या वर शब्द. गिनीजने नोंद घेतली ती शब्दसंख्येची. वेग हे जिभेचं कसब आहे, लिहिण्याचं वेगळं. एमिनेमकडे दोन्ही आहे म्हणून लोकांची गल्लत होते.

---

पाटीपुसणे

प्लॅटिनमबद्दल. अमेरिकेत ५ लाखांना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम, १ कोटीला डायमंड. हे आकडे बदलले नाहीत, त्यात काय धरायचं ते बदललं, म्हणून १९९४ आणि २०२४ एका तराजूत बसत नाहीत.

जुन्या काळी दुकानांकडे रवाना झालेला माल मोजायचे, गिऱ्हाइकाने नेलेला नव्हे. फेब्रुवारी २०१६ पासून अल्बमच्या पाटीत स्ट्रीमही धरतात, १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. शिवाय दुहेरी अल्बमची गंमत आहे. शंभर मिनिटांच्या वरचा संच असेल तर प्रत्येक डिस्क वेगळी मोजली जाते. टुपॅकचा 'ऑल आइज ऑन मी' (१९९६), बिगीचा 'लाइफ आफ्टर डेथ' (१९९७), आउटकास्टचा 'स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो' (२००३) हे तिन्ही डायमंड आहेत आणि तिन्ही दुहेरी. म्हणजे १ कोटीच्या पाटीमागे संच ५० लाख. कोणी 'डायमंड' म्हणून टेबल वाजवलं की आधी डिस्क किती ते विचारा. कौशल्याचा प्रश्न त्यानंतर.

बिलबोर्डचा चार्ट ही तिसरीच चीज. तिथे स्ट्रीम २०१४ च्या डिसेंबरपासून आले, आणि २०१८ मध्ये पैसे भरणाऱ्या श्रोत्याचा स्ट्रीम जड आणि जाहिरातवाल्याचा हलका असा भेद झाला. पाटी आणि चार्ट एकाच वाक्यात मिसळले की हिशोब बिघडलाच समजा.

---

धारावी_ते_ब्रुकलिन

तिसऱ्या प्रश्नावर येतो, कारण खरी मजा तिथे आहे.

जे-झीने 'ब्लॅक अल्बम'मधल्या (२००३) 'मोमेंट ऑफ क्लॅरिटी'त स्वतःच कबुली दिली की, गल्ला वाढावा म्हणून मी माझं लिहिणं सोपं केलं. टॅलिब क्वेली आणि कॉमन यांची नावं घेऊन तो म्हणतो की मनातून त्यांच्यासारखं लिहायचं होतं, पण ५० लाख खपल्यावर ते सुटलं. ५० लाखांचा अल्बम म्हणजे १९९८ चा 'व्हॉल्यूम २', ज्यात 'ॲनी' या संगीतिकेतल्या पोरांचा कोरस उचलून हूक (परत परत येणारं धृवपद) केलाय. त्याचा १९९६ चा पहिला अल्बम चार्टवर २३ पर्यंतच गेला होता.

खपाच्या बाजूने बोलणारे ही कबुली नेहमी पुढे करतात. पण ती ओळ कशी बांधलीय ते कोणी बघत नाही. कॉमनचं जुनं नाव 'कॉमन सेन्स' होतं, एका बँडने दावा लावल्यामुळे त्याला ते आखडावं लागलं. जे-झी एका ओळीचा शेवट त्या जुन्या नावाने करतो आणि पुढच्या ओळीचा शेवट 'कॉमन' पुढे इंग्रजीतलं 'सिन्स', म्हणजे 'तेव्हापासून', लावून. कानाला जवळजवळ तेच, अर्थाला वेगळं. मी लिरिकल राहिलो नाही असं सांगणारी ओळच श्लेषावर उभी आहे! शिवाय शब्द सगळे शाळकरी. ज्याला कळलं त्याला दोन अर्थ, ज्याला नाही कळलं त्याचंही काही अडत नाही. खपणाऱ्या लिखाणाची युक्ती हीच: अवघडपणा काढून टाकायचा नाही, खालच्या मजल्यावर न्यायचा.

केन्ड्रिकचं 'स्विमिंग पूल्स' (२०१२) घ्या. हूक पार्टीत ओरडायला, कडवी दारूच्या व्यसनावर. क्लबमध्ये वाजलं, बिलबोर्डच्या हॉट १०० या गाण्यांच्या यादीत १७ पर्यंत गेलं. पुढे 'डॅम' (२०१७) या अल्बमला २०१८ चं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर पहिल्यांदाच, आणि त्याच अल्बममधलं 'हम्बल' हॉट १०० वर पहिलं होतं. 'जो लिहितो तो खपत नाही' म्हणणाऱ्यांनी या अल्बमचं काय करायचं ते ठरवावं.

नाझचं उदाहरण उलट बाजूने बघा. 'इलमॅटिक' (१९९४) चार्टवर १२ पर्यंत, प्लॅटिनम व्हायला २००१ उजाडलं. त्यात पायरेटेड कॅसेट रिलीजआधीच फिरत होत्या हेही धरा. दोन वर्षांनी 'इट वॉज रिटन' थेट पहिल्या नंबरला. एवढ्यात माणसाचं व्याकरण बदललं का? संगीत मुख्यतः ट्रॅकमास्टर्सचं झालं आणि सिंगलच्या हूकला लॉरिन हिल आली. फरक बराचसा कडव्यांच्या बाहेर आहे.

---

कडू_कारलं

धारावी, एकदम गुळगुळीत करू नका. खपाची किंमत मोजावी लागतेच, आणि ती बारमध्ये मोजता येते.

जुना साचा: सोळा बारची तीन कडवी, आठ बारचा हूक तीनदा. ७२ बार, ९० बीपीएमला ३ मिनिटं १२ सेकंद. आताचा साचा: हूक आधी, मग बारा-बारा बारची दोन कडवी, हूक मधे आणि शेवटी. ४८ बार, ७५ बीपीएमला २ मिनिटं ३४ सेकंद. कारण उघड आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय स्ट्रीम धरत नाहीत, म्हणून हूक पुढे ओढला जातो. लिहिणाऱ्याच्या वाट्याला ४८ ऐवजी २४ बार येतात. एका बारा बारच्या कडव्यात गोष्ट सांगायची तर पहिल्या चार बारमध्ये जागा आणि माणसं, शेवटच्या चारमध्ये गाठ सुटणं. मधे उरतात चार. त्यात वर्णन होतं, वळण बसत नाही. म्हणून आताच्या हिट गाण्यांत चटकदार सुटी वाक्यं भरपूर आणि कथा कमी. रॅपर आळशी झाले असं नाही, जागाच तेवढी आहे.

आणि दुसऱ्या टोकाच्या, नुसत्या लिरिकलच्या भक्तांसाठी रॅपर कॅनिबस. बॅटलमध्ये, म्हणजे रॅपच्या जुगलबंदीत, त्याच्यासमोर उभं राहायला लोक कचरत. १९९८ चा पहिला अल्बम दुसऱ्या नंबरला उतरला, गोल्ड झाला, आणि बीट (मागचं संगीत) फिके, बांधणी ढिली अशी टीका तेव्हाच झाली. सलग शंभर बार टाकता येणं आणि गाणं बांधता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. एमएफ डूमने 'मॅडव्हिलनी'त (२००४) हूक जवळपास टाकूनच दिले, २२ तुकडे, पाऊण तासात खलास. तिथे ते चाललं, कारण मॅडलिबचे बीटच दीड-दोन मिनिटांचे आहेत, श्रोत्याला दमायला वेळच मिळत नाही. चार्टवर १७९. त्याने तोटा झाला असं मला तरी वाटत नाही.

---

मोरोपंतांचा_शेजारी

अवांतर, पण मराठी रॅप मोजणाऱ्यांसाठी. इंग्रजीची घनतेची मोजणी जशीच्या तशी लावलीत तर मराठीत सगळेच उस्ताद ठरतील. आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात आणि त्यांचे प्रत्यय आपोआप जुळतात: गेलो-आलो-झालो, करणार-मरणार. असं यमक फुकट मिळतं, त्याला अर्धाच गुण द्या. वर सोळा_बार यांनी 'आलं-झालं' दाखवलंय ते हेच. नाम किंवा विशेषण ओळीच्या टोकाला आणून जुळवलंय का ते बघा. त्यासाठी वाक्याची रचना फिरवावी लागते, आणि फिरवूनही ते बोलल्यासारखं वाटलं पाहिजे.

उलट अडचणही आहे. आर्या आणि श्लोकांवर वाढलेल्या कानाला व्यंजनासकट जुळलेलं यमकच यमक वाटतं. 'रस्ता-धंदा-पंखा' यात अ-आ जुळतंय, रॅपला ते पुरेसं आहे, पण मराठी श्रोता 'हे कुठे जुळतंय?' म्हणतो. स्वदेसी या रॅप गटाच्या गाण्यांत एमसी मवालीची मराठी कडवी या नजरेने परत ऐका. 'तांबडी चामडी' (२०२४) मात्र या मापाने मोजायच्या भानगडीत पडू नका, ते हाउस या नाचाच्या संगीताच्या ठोक्यावरचं हूकचं गाणं आहे आणि हूक म्हणून पक्कं आहे.

---

कॅसेटची_रीळ

सगळ्यांचे आभार, वहीत चौकटी आखल्या. 'हम्बल'पासून सुरुवात केली. ॲपने १५० बीपीएम दाखवलं, त्याप्रमाणे बार पाडले, तर निम्मे खण रिकामे राहतायत. म्हणजे हे गाणं विरळ धरायचं का?

---

सोळा_बार

नाही, ७५ धर. ॲप हाय-हॅट (ड्रमची छोटी झांज) ऐकून दुप्पट आकडा दाखवतात. ओळखायची खूण: तुझ्या एका बारमध्ये स्नेअर (ड्रमचा कडक 'टाक' आवाज) एकदाच, तिसऱ्या ठोक्यावर पडत असेल तर तू दुप्पट वेगाने मोजतोयस. दुसऱ्या आणि चौथ्यावर पडला पाहिजे. जुने दोन बार जोडून एक कर आणि परत भर. आणि ट्रिपलेट आले, म्हणजे एका ठोक्यात तीन सिलॅबल, तर सोळाची चौकट चालत नाही. तेवढ्या बारपुरते बारा खण पाड.