आयरिशच्या गुणांचं गणित

निबंध पाठ झाले की लीव्हिंग सर्टच्या (म्हणजे आयर्लंडमधल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या) आयरिश भाषेची निम्मी तयारी झाली, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ६०० पैकी २४० गुण तोंडीला आहेत. हायर लेव्हलच्या (वरच्या काठिण्यपातळीच्या) निबंधाला फक्त १००. तोंडीतही कवितावाचनाला ३५, चित्रमालिका पाहून गोष्ट सांगायला ८०, आणि नुसत्या गप्पांना १२०! घोकलेलं तिथे लगेच उघडं पडतं. 'लॉटरी लागली तर काय करशील?' असं विचारलं की क्रियापदाचं संकेतार्थी रूप तिथल्या तिथे सुचावं लागतं. माझी लेक आणि तिची मैत्रीण बसमध्ये एकमेकींना असलेच 'जर-तर'चे प्रश्न विचारायच्या, त्याचा खूप उपयोग झाला.

श्रवणाचे ६० गुणही विसरू नका. त्यात मन्स्टर, कॉनॉक्ट, अल्स्टर या तिन्ही प्रांतांतले उच्चार येतात, त्यामुळे टीजी फोर या आयरिश भाषेतल्या वाहिनीच्या बातम्या रोज थोड्या तरी ऐकवाच.